आवाज सारखा करावा कीं न करावा?

दारव्हा तालुक्यांतील एका वाचक भगिनीचें पत्र आम्हांस गेल्या महिन्यांत आलें. पत्र लांबलचक आहे, आणि त्यांत घरच्या मंडळींचीं जीं मतें दिलीं आहेत तीं सगळीं येथें छापितां येण्यासारखीं नाहींत. परंतु त्यांतील प्रश्न असा आहे कीं, तो आज पुष्कळ घरांत या ना त्या रूपानें उभा आहे. म्हणून या खेपेस ठरलेला विषय बाजूस ठेवून आम्ही त्यालाच हात घालीत आहों.

हकीकत अशी. या भगिनींच्या सासरीं एक आत्याबाई होत्या. मामंजींच्या त्या थोरल्या बहीण. लहान वयांत वैधव्य आल्यामुळें त्या माहेरींच राहिल्या, आणि घरांतील तीन पिढ्यांचीं बाळंतपणें, मुंजी, लग्नें त्यांच्या हाताखालून गेलीं. ओव्या, भूपाळ्या, मंगळागौरीचीं गाणीं त्यांना अपार येत. मामंजींनीं १९८४ सालीं एक कॅसेट-यंत्र विकत आणून सहा फितींवर त्यांचें गाणें उतरवून घेतलें. आत्याबाई पुढें दोन वर्षांनीं वारल्या. मामंजीही १९९१ सालीं गेले. फिती पत्र्याच्या डब्यांत माळ्यावर राहिल्या. गेल्या दिवाळींत धाकट्या दिरांचा मुलगा, जो अभियांत्रिकीच्या शेवटल्या वर्षास आहे, त्यानें त्या संगणकावर उतरविल्या आणि सर्व गाण्यांचा आवाज सारखा करून घरांतील प्रत्येकाच्या मोबाइलवर पाठवून दिल्या.

तेव्हांपासून घरांत दोन पक्ष पडले आहेत. एका पक्षाचें म्हणणें, मुलानें सोनें केलें. पूर्वीं जें यंत्राला कान लावूनही ऐकूं येत नसे, तें आतां पोळ्या लाटतां लाटतां ऐकूं येतें. दुसरा पक्ष म्हणतो, ह्या आत्याबाई नव्हेतच. आत्याबाई हळू गात, ओवीच्या शेवटीं त्यांचा आवाज विरत जाई. आतां त्या पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जोरानें गातात, आणि दोन ओव्यांच्या मध्यें पंख्याचा घोंघाट उसळून वर येतो. भांडण इतकेंच असतें तर तें कोणत्याही घरांत चालतें तसें चालूं दिलें असतें. परंतु तिसऱ्या फितीच्या शेवटीं, गाणें संपून कांहीं क्षण गेल्यावर, ओसरीवरून कोणी पुरुष 'झालें का, अक्का?' असें विचारतो. हा आवाज आजवर घरांतील कोणाच्याही कानीं पडला नव्हता. मुलानें आवाज चढविल्यामुळें तो प्रथमच ऐकूं आला, आणि सासूबाई हातांतला घास तसाच ठेवून उठल्या. तो मामंजींचा आवाज. त्यांचा दुसरा कोणताही आवाज घरांत शिल्लक नाहीं. त्या दोन-तीन शब्दांवरच मुलाची प्रत तुटते.

आतां घर पाडून नवें बांधावयाचें आहे. माळा रिकामा होत आहे, आणि 'सगळें मोबाइलवर आलेंच आहे, हा डबा कशाला?' असें पुतण्याचें म्हणणें आहे. भगिनी विचारितात: मुलानें केलें तें योग्य कीं अयोग्य, आणि डबा टाकावा कीं ठेवावा?

दुसऱ्या प्रश्नाचें उत्तर प्रथम देतों. डबा टाकूं नये. आजच माळ्यावरून खालीं उतरवावा आणि घरांतील सर्वांत थंड, कोरड्या खोलींत, ध्वनिवर्धकापासून व कोणत्याही लोहचुंबकापासून दूर ठेवावा. आमच्या जिल्ह्यांत वैशाखांत पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, आणि टिनाच्या छपराखालील माळ्यावर काय होत असेल तें सांगावयास नको. त्या फितींनीं इतके उन्हाळे काढले हेंच नवल आहे. ठेवावयाचें कां, याचें कारण मात्र पहिल्या प्रश्नाच्या उत्तरांत आहे, आणि तें जरा लांबून सांगावें लागेल.

आपल्या बोलण्यांत 'मोठा आवाज', 'उंच आवाज' आणि 'चढा आवाज' हे शब्द एकमेकांच्या जागीं सर्रास वापरले जातात. वास्तविक पट्टी चढणें ही एक गोष्ट आणि जोर वाढणें ही दुसरी. मूल पातळ, उंच पट्टींत कुजबुजूं शकतें, आणि नगारा खर्जांत राहून सारें गांव जागें करूं शकतो. वेदांतील उदात्त, अनुदात्त व स्वरित यांचा संबंध पट्टीशीं आहे, जोराशीं नव्हे. जोराचा विचारही आपल्या शिक्षाग्रंथांनीं केला नाहीं असें मात्र नाहीं. पाणिनीय शिक्षेंत अधम पाठकांचे जे सहा प्रकार सांगितले आहेत, त्यांत गात गात म्हणणारा, घाईनें म्हणणारा, डोकें हालविणारा यांच्या पंक्तीस 'अल्पकंठ', म्हणजे ज्याचा आवाज पुरेसा बाहेर पडत नाहीं असा, हाही बसविला आहे. आणि वर्णांचा उच्चार कसा करावा हें सांगतांना वाघिणीचें उदाहरण दिलें आहे: ती पिलांस दातांत धरून नेते, पण तीं गळूनही पडत नाहींत आणि त्यांस दातही लागत नाहींत. आम्हीं चौतीस वर्षें वर्ग चालविले. मागल्या बांकावरचा मुलगा तोंडांतल्या तोंडांत वाची आणि पुढल्या बांकावरचा छप्पर उडवी. दोघांसही हें उदाहरण आम्हीं सांगितलें आहे. मोबाइलवर आवाज ठीक करणाऱ्या आजच्या मुलांसही तें लागू पडतें.

संगणकांत आवाज मोजण्याची रीत थोडी विचित्र वाटते. तेथें शून्य हें तळ नसून शिखर आहे. शून्याच्या वर जागाच नाहीं, म्हणून सर्व मापें उणे असतात. माप डेसिबेलांत करितात. टेलिफोनच्या ग्रॅहॅम बेल साहेबांचें नांव त्यांत आलें आहे. हें माप सरळ बेरजेचें नसून पटींचें आहे. ध्वनिलाटेची उंची दुप्पट केली कीं सुमारें ६ डेसिबेल वाढतात. कानाला मात्र आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटावयास साधारण १० डेसिबेल लागतात. लाट शून्याच्या वर नेऊं गेल्यास भरल्या भांड्यांतून दूध उतू जावें तशी ती उतू जाते, तिचा माथा सपाट कापला जातो आणि कानाला करकर ऐकूं येते. उतू गेलेलें दूध जसें पुन्हा भांड्यांत भरतां येत नाहीं, तसा कापलेला माथाही परत जोडितां येत नाहीं.

आवाज 'सारखा' करण्याच्या रीती मुख्यतः तीन, आणि सारा घोटाळा असा कीं तिन्हींस लोक एकच नांव देतात. पहिल्या रीतींत संगणक सबंध गाण्यांतील सर्वांत उंच लाट शोधितो आणि ती शिखराच्या किंचित् खालीं येईपर्यंत सर्व गाणें एकाच प्रमाणांत वर उचलितो. ही रीत निरुपद्रवी आहे, पण फसवी. आत्याबाई गात असतां कोणाच्या हातून वाटी पडली, तर सर्वांत उंच लाट त्या वाटीची. वाटी आधींच शिखराजवळ असल्यामुळें गाणें एक-दोन डेसिबेलच वर येतें, आणि मुलाला वाटतें कीं संगणकानें कांहीं केलेंच नाहीं.

दुसरी रीत शिखर न पाहतां सबंध गाणें कानाला सरासरीनें किती मोठें वाटतें तें पाहते. येथें कानाचा स्वभाव विचारांत घ्यावा लागतो. फ्लेचर व मनसन या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं १९३३ सालीं दाखविलें कीं, सारख्याच जोराचे स्वर कानाला सारखे वाटत नाहींत. खर्जाचे स्वर, विशेषतः हळू असतां, कानाला फार कमी भासतात. हें ध्यानांत घेऊन मोजण्याचा एक नियम आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें २००६ सालीं घालून दिला. त्यांत आवाजाचे ०.४ सेकंदाचे तुकडे मोजितात. आणि पुढें त्यांत अशी सुधारणा झाली कीं निःशब्द व फार हळू तुकडे हिशेबांत धरावयाचे नाहींत, म्हणजे गाणाऱ्यानें घेतलेल्या विसाव्यामुळें सरासरी उगीच खालीं येऊं नये. या मापाला एलयूएफएस म्हणतात. युरोपच्या प्रसारणसंस्थांनीं २०१० सालीं उणे २३ ही पातळी ठरविली. इंटरनेटवरून गाणीं ऐकविणाऱ्या मोठ्या कंपन्या साधारण उणे १४ च्या आसपास ठेवितात. वाटी पडली तरी ही रीत फसत नाहीं.

या दोन्ही रीतींत गाण्याच्या अंतरंगास धक्का लागत नाहीं. सर्व गाणें एकाच प्रमाणांत वर जातें किंवा खालीं येतें. हळू होतें तें त्याच मानानें हळू राहतें. तिसरी रीत निराळी. तींत यंत्र क्षणोक्षणीं लक्ष ठेवितें, आवाज मोठा झाला कीं दाबितें, आणि मग दाबलेलें सगळें एकदम वर उचलितें. इंग्रजींत या यंत्राला कंप्रेसर म्हणतात; आपण त्यास दाबयंत्र म्हणूं. कुटुंबाचा फोटो मोठा करून छापणें वेगळें, आणि फोटोंतल्या पांच वर्षांच्या नातवास ओढून आजोबांएवढा उंच करणें वेगळें. पहिल्या दोन रीती फोटो मोठा करितात. तिसरी नातवास ओढिते.

पत्रांतील वर्णनावरून पुतण्यानें तिसरी रीत वापरली असावी असें प्रथम वाटतें. ओवीच्या शेवटीं विरणारा आवाज विरेनासा होणें आणि मधल्या रिकाम्या जागीं पंखा उसळणें हीं दाबयंत्राचीं ठळक लक्षणें आहेत. परंतु मुलास दोषी ठरविण्यापूर्वीं एक गोष्ट पाहिली पाहिजे, आणि ती घरांतील कोणीही पाहिलेली दिसत नाहीं. त्या काळच्या बहुतेक घरगुती कॅसेट-यंत्रांत आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारी योजना असे. बोलणारा हळू बोलला कीं यंत्र स्वतःच आवाज वाढवी. मोठ्यानें बोलला कीं कमी करी. विकत घेणारास हातानें कांहीं फिरवावें लागूं नये म्हणून ही सोय. तिचा परिणाम असा होई कीं, गाणारी व्यक्ति श्वास घ्यावयास थांबली कीं यंत्राला वाटे आवाज फार कमी झाला, आणि तें शोधाशोध केल्यासारखें पंखा, कावळा, शेजारची मोरी यांचा आवाज वर ओढून आणी. म्हणजे पंखा उसळला तो १९८४ सालींच उसळला असण्याचाही संभव आहे. तसें असेल तर पुतण्या निर्दोष, आणि हा दोष जगांतील कोणत्याही संगणकास पुरतेपणीं काढितां येणार नाहीं. नसेल, तर दोष पुतण्याचा, आणि तो सहज सुधारतां येईल. कोणतें खरें, तें मोबाइलवरील प्रत सांगूं शकत नाहीं. तें फक्त डब्यांतील फीत सांगूं शकते.

डबा कां टाकूं नये याचें हें पहिलें कारण. दुसरें आमच्या वाचकांस सहज पटेल. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें महाभारताची चिकित्सक आवृत्ति काढण्याचें काम १९१९ सालीं आरंभिलें. तें १९६६ सालीं पुरें झालें. त्या पंडितांनीं शेकडों पोथ्या ताडून पाहिल्या, पाठ निवडिले, नको ते श्लोक मुख्य संहितेंतून वगळले. पण वगळलेला प्रत्येक श्लोक आणि न घेतलेला प्रत्येक पाठ तळटीपेंत वा परिशिष्टांत दिला, आणि एकाही पोथीवर आपली लेखणी चालविली नाहीं. पाठ शुद्ध करावा तो नव्या कागदावर. पोथी होती तशीच राहूं द्यावी. ध्वनिसंग्रह सांभाळणाऱ्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा दंडकही नेमका हाच आहे. फितीवरून जी पहिली प्रत घ्यावयाची तींत आवाज सारखा करणें, खरखर काढणें, यांपैकीं कांहींएक करूं नये. आणि ती सेकंदास किमान ४८,००० नमुने, दर नमुन्यास २४ बिट, इतक्या बारकाईनें घ्यावी. मग तिच्यावरून ऐकण्यासाठीं हव्या तितक्या प्रती हव्या तशा कराव्या. पुतण्यानें ही पहिली प्रत ठेविलेली नाहीं असें पत्रावरून दिसतें.

आवाज आवरण्याची ही खटपट कांहीं आजची नव्हे. १९०२ सालीं ग्रामोफोन कंपनीचे गेसबर्ग साहेब कलकत्त्यास आले आणि गौहरजानचें गाणें त्यांनीं मेणाच्या तबकडीवर उतरविलें, तेव्हां मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्यानें मोठ्या कर्ण्यांत तोंड घालून गावयाचें. आवाज कमीजास्त करण्याचें बटन म्हणजे गाणाऱ्याचें शरीरच. मंद सुरास कर्ण्याजवळ सरकावें, तार सुरास मागें हटावें, कीं झाली पातळी सारखी. हळुवार गळ्याचे गायक या कर्ण्यापुढें फिके पडत आणि दणदणीत गळ्याचे शोभून दिसत. त्या काळच्या तबकड्या ऐकून गायकांची प्रतवारी लावणाऱ्यांनीं हें विसरूं नये. १९२५ पासून मायक्रोफोन व विजेचें ध्वनिमुद्रण सुरू झालें, आणि १९३९ सालीं अमेरिकेंत आवाज दाखविणाऱ्या कांट्याच्या घड्याळाचें प्रमाण ठरलें. आकाशवाणीच्या केंद्रांत पुढें कित्येक वर्षें त्या कांट्याकडे डोळे आणि बटनावर बोटें ठेवून बसलेला तंत्रज्ञ हाच खरा समीकरणकर्ता होता. कांटा काय म्हणतो तें तो पाही, पण गाणें काय म्हणतें तेंही त्याला कळे.

येथें गीतरामायणाचें उदाहरण देण्याचा मोह आवरत नाहीं. पुणें आकाशवाणीवरून १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर तें आठवड्यास एक याप्रमाणें प्रसारित झालें; गीतें ५६, शब्द ग. दि. माडगूळकरांचे, संगीत सुधीर फडक्यांचें, आणि गाणारे अनेक. (माडगूळकर १९७३ सालीं यवतमाळच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते, जिल्ह्यांतील जुन्या मंडळींस तें आठवत असेल.) आतां कोणी ती सबंध माला मोबाइलवर घेऊन प्रत्येक गीत स्वतंत्रपणें एकाच पातळीवर आणिलें, तर शोकाचें गीत आणि युद्धाचें गीत यांत कानाला भेद उरणार नाहीं. यासाठीं जाणत्यांनीं दोन हिशेब निराळे ठेविले आहेत. २००१ सालीं निघालेल्या रीप्लेगेन नांवाच्या योजनेंत एकेका गीताचें माप वेगळें आणि सबंध मालेचें माप वेगळें काढितां येतें. निरनिराळ्या ठिकाणचीं सुटीं गाणीं असतील तर पहिलें वापरावें; एका बैठकीचें, एका मालेचें असेल तर दुसरें, म्हणजे सर्व गीतें एकाच मानानें वर किंवा खालीं सरकतात आणि त्यांचें आपसांतलें नातें टिकतें. शिवाय या योजनेंत मूळ आवाजास हातच लावीत नाहींत. किती वाढवावयाचा तो आंकडा केवळ बाजूस लिहून ठेवितात, आणि वाजविणारें यंत्र तो वाचून घेतें. पोथीच्या समासांत टीप लिहावी तशी ही गोष्ट. आत्याबाईंच्या सहा फिती ही एक माला आहे, हें पुतण्यास सांगावें.

दाबयंत्राचा अतिरेक कोठें पोंचतो तें पाहण्यास लांब जावयास नको, दूरचित्रवाणी लावावी. मालिकेंत सून रडत असते तोंवर आजोबांना कांहीं ऐकूं येत नाहीं, ते आवाज वाढवितात. आणि जाहिरात लागतांच पाळण्यांतलें मूल दचकून उठतें. जाहिरातींतील शिखर मालिकेच्या शिखराहून उंच नसतें. पण जाहिरातवाल्यांनीं सगळा आवाज दाबून शिखराशीं नेऊन बसविलेला असतो. आमच्या केबल दूरचित्रवाणीच्या १९९४ च्या नियमांत जाहिरातीचा आवाज वाजवीपेक्षां मोठा नसावा असें स्पष्ट लिहिलें आहे. मोठा म्हणजे किती, तो आंकडा मात्र त्या वाक्यांत नाहीं. मग कज्जा कशाच्या आधारें मांडावा? अमेरिकेंत याकरितां २०१० सालीं स्वतंत्र कायदा झाला आणि त्यास मोजमापाचा नियमही जोडला गेला. तक्रारी तेथेंही संपलेल्या नाहींत, ही गोष्ट वेगळी.

खरखर काढण्याविषयीं थोडें सांगितलें पाहिजे, कारण आवाज वीस डेसिबेल वर नेला कीं फितीची सळसळही वीसच डेसिबेल वर येते, आणि मग मुलांस ती पुसण्याची घाई होते. जात्यावरच्या ओव्यांचा महाराष्ट्रांतील सर्वांत मोठा संग्रह हेमा राइरकर व गी प्वातवँ यांनीं खेडोपाडीं हिंडून केला. ओव्यांची संख्या एक लाखाच्या वर आहे, आणि त्यांपैकीं पुष्कळ १९९० च्या दशकांत ध्वनिमुद्रितही झाल्या. २०१७ पासून ग्रामीण भारताच्या 'पारी' या संग्रहानें त्या लोकांपुढें आणण्यास आरंभ केला. अशा मुद्रणांत बाईच्या गळ्याखालीं जात्याची घरघर असली तर संगणकाच्या लेखीं ती अखंड चालणारी खरखर. पुसावयास सांगितलें तर तो ती इमानानें पुसून टाकील. पण ओवीचा ताल त्या घरघरींतच आहे. पंख्याचा आवाज आणि जात्याचा आवाज यांतला भेद यंत्राला कळत नाहीं. तो घरच्या माणसानें सांगावा लागतो.

आतां दुसऱ्या पक्षाची बाजूही पाहूं. आवाज न चढवितां फिती तशाच ठेविल्या असत्या तर त्या कोण ऐकणार होतें? सासूबाईंचें वय ऐंशीच्या पुढें असावें. वय झालें कीं प्रथम जातात ते वरच्या पट्टींतील नाद, आणि स, श, त, थ, क यांसारख्या अघोष व्यंजनांची ओळख त्या नादांतच असते. म्हणून वृद्ध माणसापुढें आवाज नुसता वाढविला तर स्वर धडधडतात आणि व्यंजनें तरीही हातीं लागत नाहींत. 'ओरडूं नको, नीट बोल' असें घरोघरचीं आजी-आजोबा म्हणतात तें उगीच नव्हे. अशांसाठीं हळू भाग उचलून व वरची पट्टी थोडी उजळ करून एक निराळी प्रत करणें यांत आम्हांस पाप दिसत नाहीं. पुतण्याची प्रत ही अशी प्रत आहे. ती सासूबाईंच्या मोबाइलवर राहूं द्यावी. तिला 'आत्याबाईंचें गाणें' म्हणूं नये, 'आजीसाठीं केलेली प्रत' म्हणावें, इतकेंच. मुलानें आवाज चढविला नसता तर मामंजी अजून त्या सळसळीखालींच राहिले असते, हें दुसऱ्या पक्षानें मोकळेपणानें कबूल करावें.

याच्या पुढचें काम असें. प्रत्येक फितीच्या पाठीमागच्या कडेस प्लॅस्टिकच्या दोन लहान जिभा असतात. फीत यंत्रांत घालण्यापूर्वीं त्या मोडून टाकाव्या, म्हणजे चुकून कोणीं तांबडें बटन दाबलें तरी गाण्यावर दुसरें कांहीं मुद्रित होणार नाहीं. फीत एकदां शेवटपर्यंत हळूच पुढें व मागें गुंडाळून घ्यावी. यंत्राचें फीत वाचणारें टोंक शुद्ध अल्कोहोलच्या बोळ्यानें पुसावें. तें टोंक तिरपें झालें असेल तर वरची पट्टी बोथट होते, आणि घरांत वाटतें कीं आत्याबाईंचाच आवाज बसला होता. शक्य तर मामंजींचेंच जुनें यंत्र दुरुस्त करून वापरावें, कारण त्याच्या टोंकाचा तिरपेपणा फितींवर जसा उतरला असेल तसाच तो जुळेल. यंत्रापासून संगणकास तार थेट जोडावी, मोबाइल समोर धरून आवाज घेऊं नये. आवाज घेतांना सर्वांत मोठी लाट उणे ६ च्या वर जाऊं देऊं नये. वर जागा रिकामी राहिली तर बिघडत नाहीं. ऑडॅसिटी नांवाचें संगणकाचें साधन फुकट मिळतें आणि या कामास पुरे आहे. तेंही मुलास ठाऊक असेलच. तींत शिखराची, कानाच्या मापाची आणि दाबण्याची अशा तिन्ही आज्ञा वेगवेगळ्या नांवांनीं दिलेल्या आहेत, ती नांवें मात्र त्यानें पुन्हा एकदां वाचावीं. ही पहिली प्रत झाली कीं तिला कोणीं हात लावूं नये आणि ती निदान दोन घरीं ठेवावी. ऐकण्याची प्रत हिच्यावरून करावी: सहाही फितींचें मिळून एकच माप, दाबयंत्र नाहीं, पडलेली वाटी असेल तर तेवढी एकटी हातानें कमी करावी. आत्याबाईंचा आवाज तरीही लहान वाटला तर ऐकणारानें बटन फिरवावें.

प्रत्येक प्रतीबरोबर कोण गातें, कोठें, कोणत्या सालीं, यंत्र कोणीं चालविलें, हें लिहून ठेवावें. गौहरजान तबकडीच्या शेवटीं स्वतःचें नांव इंग्रजींत उच्चारीत असे. तबकड्या छापण्यासाठीं जर्मनींत हॅनोव्हरला जात, आणि तेथील कारागिरांस गाणें कोणाचें तें त्यावरून कळे. आत्याबाईंनीं नांव सांगितलेलें नाहीं, आणि त्यांस आवाजावरून ओळखणारीं माणसें घरांत आतां तीन उरलीं आहेत, असें या भगिनीच लिहितात.

तिसऱ्या फितीपुरती एक सूचना. शेवटचें निःशब्द वाटल्यास संगणकाचीं साधनें तें कापून टाकतात, आणि मुलानेंही गाणें संपलें असें समजून उतरविणें थांबविलें असेल. त्या बाजूची फीत यंत्र आपोआप बंद पडेपर्यंत पूर्ण उतरवावी, आणि 'झालें का, अक्का?' याच्या पुढचा भाग वेगळा काढून, हवा तितका चढवून, रात्रीं घर शांत असतां ऐकावा. आत्याबाईंनीं कांहीं उत्तर दिलें असेल तर तें तेथें असेल.